ओलावा आणि ठिणगी

कोलकात्यातील पावसाळी सकाळीचे एक दृश्य अनेक पिढ्यांच्या परिचयाचे होते. रात्रभर पाऊस पडून गेलेला असे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ॲम्बॅसडर टॅक्सीचा चालक बॉनेट उघडून इंजिनावर वाकलेला दिसे आणि त्याच्या हातात एक कोरडे फडके असे. बॅटरी ठीक असे, टाकीत पेट्रोल असे, सेल्फ दिल्यावर इंजिन फिरतही असे. परंतु ते सुरू मात्र होत नसे. चालकाची सकाळची कमाई बुडत असे. यंत्राचा कोणताही भाग मोडलेला नसताना यंत्र असे बंद का पडावे?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर शहराच्या भूगोलात आहे. कोलकाता हे हुगळी नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर वसलेले शहर आहे. नदीकाठची जमीन उंच असून शहराचा उतार पूर्वेकडे, म्हणजे नदीच्या उलट दिशेस, पाणथळ प्रदेशाकडे जातो. त्यामुळे पावसाचे पाणी सहजासहजी नदीत वाहून जात नाही. ते पंपांच्या साहाय्याने उपसावे लागते. भरतीच्या वेळी हे काम अधिकच अवघड होते. सप्टेंबर १९७८ मधील अतिवृष्टीत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. सप्टेंबर २०२५ मध्येही एका रात्रीच्या पावसाने तोच अनुभव दिला. पाणी साचलेले नसतानाही पावसाळ्यातील हवा बाष्पाने भरलेली असते.

उत्तराचा उरलेला अर्धा भाग इंजिनाच्या रचनेत सापडतो. शहराजवळच्या उत्तरपाडा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत ॲम्बॅसडर तयार होत असे. तिच्यात दीर्घकाळ वापरले गेलेले १,४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन चार सिलिंडरांचे होते. प्रत्येक सिलिंडरमधील हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटविण्यासाठी अचूक क्षणी एक ठिणगी पडावी लागते. बॅटरीचा दाब केवळ १२ व्होल्ट असतो. तेवढ्या दाबाने स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडता येत नाही. म्हणून इग्निशन कॉइल हा दाब कित्येक हजार व्होल्टपर्यंत वाढविते. नंतर डिस्ट्रिब्यूटर नावाचा भाग हा उच्च दाबाचा प्रवाह जाड वेष्टनाच्या तारांतून चारही प्लगांना १, ३, ४, २ या क्रमाने पोहोचवितो.

विद्युत्प्रवाह नेहमी सोपा मार्ग शोधतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. शुद्ध पाणी विजेचे चांगले वाहक नाही. परंतु इंजिनावर साचलेली धूळ, तेल आणि क्षार यांत मिसळलेले पाणी शुद्ध राहत नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर किंवा तारांवर अशा ओलाव्याचा पातळ थर बसला, की प्रवाहाला प्लगपर्यंत जाण्याचे कारणच उरत नाही. तो त्या थरावरून सरकत इंजिनाच्या धातूत उतरतो. अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यास तारांभोवती निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. त्या याच गळतीच्या खुणा होत.

हा ओलावा बाहेरूनच उडून येतो असे नाही. तापलेले इंजिन बंद केल्यावर टोपीच्या आतील हवा थंड होऊन आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत शिरते. धातू थंड झाल्यावर तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. म्हणूनच आदल्या रात्री उत्तम चाललेली गाडी सकाळी सुरू होत नाही. हिवाळ्यातील धुक्याच्या पहाटेही हेच घडते.

उपाय साधा आहे. इग्निशन बंद करून टोपी काढावी, तिची आतली व बाहेरची बाजू कोरड्या फडक्याने पुसावी आणि तारा व प्लगांची वरची टोके कोरडी करावीत. मात्र गळती वारंवार होत राहिली तर बेकेलाइटच्या टोपीवर जळून काळी रेघ उमटते. ही रेघ कार्बनची असते आणि कार्बन विजेचा वाहक आहे. मग कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. टोपीच बदलावी लागते.

याहून कितीतरी गंभीर प्रकार साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना घडतो. रेडिएटरमागील पंख्याने उडविलेले पाणी तारांवर पडून इंजिन थांबले, तर नुकसान थोडे असते. परंतु हवेच्या मार्गाने पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरले, तर प्रसंग बिकट होतो. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हापुन्हा सुरू करून पाहणे हा सर्वांत महागडा प्रमाद होय. गाडी ढकलून कोरड्या जागी न्यावी आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असल्यास तपासणी होईपर्यंत सेल्फला हात लावू नये.

डिझेल इंजिनात मिश्रण ठिणगीने पेटत नाही. दाबल्याने तापलेल्या हवेतच इंधन जळते. त्यामुळे ओल्या तारांचा हा विकार त्याला होत नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी मात्र त्यालाही तितकेच घातक असते. आजच्या पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर उरलेला नाही. बहुधा प्रत्येक प्लगावर स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. परंतु त्यांच्या जागी आलेल्या संवेदकांच्या जोडण्यांना ओलाव्याने गंज चढतो, आणि तो दोष फडक्याने पुसून जात नाही.

यंत्रे बदलली, तरी पाण्याचे गुणधर्म बदललेले नाहीत. ओलाव्याने रोखलेली ठिणगी आणि पाण्याने अडलेला दट्ट्या यांतील भेद ज्याला कळतो, त्याची गाडी घटकाभर खोळंबते. ज्याला तो कळत नाही, त्याचे इंजिन कायमचे निकामी होऊ शकते.