उपग्रहाचा डोळा आणि गस्तवाल्याचा कंदील

गाडी कोठे आहे, हे आता आकाशातून कळते. रेल्वे आणि इस्रो यांच्या सहकार्याने इंजिनांवर बसविलेली यंत्रणा उपग्रहांच्या आधारे दर 30 सेकंदांनी गाडीचा ठावठिकाणा नियंत्रण कक्षास कळविते. फलाटावर ताटकळणाऱ्या प्रवाशास ही सोय स्वागतार्ह वाटेल, यात शंका नाही. परंतु गाडीचा ठावठिकाणा कळणे वेगळे आणि तिच्यावर ताबा असणे वेगळे, हा भेद आम्हां किनारपट्टीच्या लोकांनी तरी विसरता कामा नये.

कारण या विद्येशी आपल्या कोकण रेल्वेचा संबंध जुना आहे. 1999 साली गैसाळ येथे दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन अडीचशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यानंतरच्या वर्षांत श्री. बी. राजाराम यांच्या पुढाकाराने कोकण रेल्वेने उपग्रहाधारित टक्करविरोधी यंत्र सिद्ध केले व त्यास 'रक्षाकवच' असे नाव दिले. कल्पना धाडसी होती. अडचणीही तितक्याच खऱ्या होत्या. शेजारच्या दोन मार्गांत अंतर असते जेमतेम पाच मीटरांचे. साध्या उपग्रहमापनातील चूकही तेवढीच भरू शकते. मग गाडी कोणत्या रुळावर आहे, हे कोणी सांगावे? शिवाय बोगद्यात आकाशच दिसत नाही, आणि एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरांचा आहे. म्हणूनच आजची 'कवच' यंत्रणा गाडीचे स्थान ठरविताना रुळांतील खुणपट्ट्यांवर आणि रेडिओ संदेशांवर भिस्त ठेवते आणि प्रसंगी स्वतः ब्रेक लावते.

तथापि आमच्या मार्गाचे खरे दुखणे निराळेच आहे. 2003 साली वैभववाडीजवळ आणि 2004 साली करंजाडीजवळ ज्या गाड्या घसरल्या, त्या दुसऱ्या गाडीवर आदळून नव्हे, तर डोंगरावरून रुळांवर आलेल्या दरडीमुळे. सुटलेला धोंडा आपला ठावठिकाणा उपग्रहास कळवीत नाही. त्याची वर्दी देतो तो भर पावसात कंदील घेऊन फिरणारा गस्तवाला; त्यास अडविते ती कड्यावरची जाळी; आणि त्यातूनही तो खाली आलाच, तर पावसाळी वेळापत्रकातील मंदावलेली गती चालकास सावरण्याची संधी देते.

उपग्रहास आमचा विरोध नाही. तो हवाच, 'कवच'ही हवे. मात्र नव्या यंत्राच्या खर्चापायी गस्त आणि दरडबंदोबस्त यांना कात्री लागता कामा नये. गाडी उशिरा आली तर प्रवासी कुरकुरेल; ती आलीच नाही, तर घरच्यांनी दाद कोणाकडे मागावी?