हस्ताचा पाऊस, पौषातला हुरडा

पोरांनो, मंगळवेढ्याला जायचं तर पौषात जावं. सकाळी सोलापूरच्या एसटी स्टँडवरून निघालं की तिऱ्ह्याला सीना लागते, कामती मागं पडते आणि बेगमपूरच्या पुलावर भीमा भेटते. पलीकडे माचणूर. नदीकाठी सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शेजारी किल्ला. औरंगजेबाची छावणी १६९५ पासून चारेक वर्षं इथंच, ब्रह्मपुरीला पडून होती. देऊळ बघा, घाट उतरा, पण फार रेंगाळू नका. मला दाखवायचंय ते पुढं आहे. नदी मागं पडली की ऊस विरळ होतो आणि मंगळवेढ्याचं काळं रान सुरू होतं. नजर जाईल तिथवर ज्वारी.

खाली उतरून बांधावर उभे राहा. धाट तुमच्या डोक्याच्या वर. आता पाणी शोधा. पाट नाही, मोटार नाही, ठिबकची नळी नाही. आभाळातून म्हणाल, तर परतीचा पाऊस जाऊन कितीतरी आठवडे झाले. तरी पानं हिरवी आहेत आणि कणसं भरताहेत. मग ही ज्वारी पिते काय?

गावातली माणसं सांगतील, ही थंडीवर आणि दवावर येते. त्यात तथ्य आहे. पहाटे पानं दवानं भिजलेली असतात, ते दव वाळेपर्यंत पानातलं पाणी उडत नाही, तेवढी सकाळ पिकाची वाचते. थंडीनंही पाणी कमी उडतं. पण दवानं कणीस भरत नाही. खरं पाणी तुमच्या पायाखाली आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमीन भेगाळून लाव्हा वाहिला. थरावर थर चढले, त्यांचा काळा बेसाल्ट झाला. पुढं ऊनपावसानं तो खडक झिजला आणि त्यातून ही माती आली. तिच्यातली चिकणमाती फार बारीक पापुद्र्यांची असते, वहीच्या पानांसारखे एकावर एक. पाणी या पापुद्र्यांच्या मधे शिरतं, त्यांना फाकवतं आणि तिथंच राहतं. चिकणमातीतल्या या खनिजाच्या एका ग्रॅमचे सगळे पापुद्रे सुटे करून पसरले तर सातशे-आठशे चौरस मीटर जागा व्यापतील. चिमूटभर मातीत एवढा पसारा! म्हणून तर मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला ओढून घेता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी मावतं. सोलापूरकडं वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, हे ध्यानात घ्या, म्हणजे त्या आकड्याचं मोल कळेल.

हेच रान चैत्र-वैशाखात बघितलं तर ओळखू येणार नाही. पापुद्र्यांतलं पाणी गेलं की माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. एखाद्या भेगेत काठी घातली तर हातभर आत जाते. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत घरंगळत राहते, खालची पुढं फुगून वर येते. रान आपलं आपणच उलथंपालथं होतं. मृगाच्या पहिल्या सरी आल्या की पाणी त्या भेगांतून थेट खोल उतरतं. मग माती फुगते, भेगा मिटतात. बाकीच्या मुलखात लोक जूनमध्ये पेरतात. इथला शेतकरी सबंध पावसाळा रान मोकळं ठेवतो, कुळवाच्या पाळ्या घालतो, तण येऊ देत नाही आणि पाऊस जमिनीत मुरू देतो. उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला, वापसा आला, की तिफण चालते. मला या थांबण्याचं फार अप्रूप वाटतं. हिरवं काही दिसत नसताना चार महिने रान राखायचं, हे सोपं काम नाही.

पेरल्यानंतरची लढाई भेगांशीच असते. माती सुकत गेली की पुन्हा चिरते आणि चिरांतून खालचं पाणी उडायला लागतं. म्हणून कोळपं फिरवायचं. वरची दोन-चार बोटं माती मोकळी झाली की ती चिरांत बसते, त्यांची तोंडं बुजतात आणि खालची ओल खालीच राहते. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणत आली आहेत. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झालं. तिथल्या संशोधनाचं मोठं सूत्रही हेच, पडलेला पाऊस रानातच कसा धरून ठेवायचा.

आता धाटाजवळ या. पान जिथं धाटाला कवटाळतं तिथं बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली ना? ते मेण आहे. धाटातलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून ज्वारी ते अंगावर धरते. दुपारी ऊन तापलं की पानं कडेनं आत वळताना दिसतील. तेवढीच कमी जागा उन्हाला सापडते. मुळं तर तुमच्या उंचीइतकी खोल जातात, जिथं हस्ताचा पाऊस अजून शिल्लक आहे तिथवर.

यापेक्षा मोठी करामत डोळ्यांना दिसत नाही. पानाला हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा तर बारीक रंध्रं उघडावी लागतात, आणि ती उघडली की पाणी निसटतं. गव्हाची-भाताची हीच पंचाईत होते. ज्वारीच्या पानातल्या बाहेरच्या पेशी तो वायू पकडतात आणि आतल्या पेशींत नेऊन दाटीनं भरतात. आत साठा असल्यावर रंध्रं थोडीच उघडली तरी भागतं. हा गुण तिनं तिच्या माहेराहून आणलाय. पूर्व सुदानात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणूस ज्वारी पेरत होता, तिथून ती आपल्याकडं आली.

जनावरांपासूनही ती स्वतःला जपते. कोवळ्या पोंग्यात, त्यातून पाण्याचा ताण पडलेल्या, एक द्रव्य असतं. ते चावलं गेलं की त्यातून जहाल विष तयार होतं. गाईगुरांना किराळ लागते ती यानंच. म्हणून गुराखी कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू देत नाहीत. पीक पोसवून मोठं झालं की विष ओसरतं आणि वाळलेला कडबा त्याच जनावरांचं वर्षाचं खाणं होतो.

पक्ष्यांपुढं मात्र तिचं काही चालत नाही. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचा थवा रानावर वळसे घेताना दिसला तर मान वर करून बघत राहा. हजार पाखरं एकदम वळतात आणि एकमेकांवर आपटत नाहीत. मध्य आशियातून येतात त्या. दाणा भरला की कणसांवर उतरतात, मग गोफण सुटते, पत्र्याचे डबे वाजतात. शेतकऱ्याचा त्यांच्यावर राग असतो, तो खराच आहे. पण उन्हाळ्यात याच भोरड्या तिकडं आपल्या पिलांना टोळ खाऊ घालतात आणि तिथली शेतं वाचवतात.

दुपारी कुणाच्या तरी रानात आगटी पेटलेली असेलच. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणीस खुपसतात, भाजलं की गरम गरम तळहातावर चोळतात आणि फुंकर मारून कोंडा उडवतात. हिरवा, मऊ, गोड दाणा. बरोबर शेंगाची चटणी. ही गोडी थोड्या दिवसांची असते. पानात तयार झालेली साखर दाण्यात उतरते आणि तिथं तिचं पिठूळ सत्त्व बनत जातं. हुरडा म्हणजे हे काम अर्ध्यावर असतानाचा दाणा. पुढं तो निबर होतो, माघ-फाल्गुनात काढणी होते.

मग गावात जा. दामाजीपंतांचं देऊळ बघा. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी सुलतानाचे ते इथले अंमलदार. दुष्काळ पडला आणि त्यांनी सरकारी कोठारं भुकेल्या लोकांना उघडून दिली. त्या धान्याचे पैसे विठूनं बिदरला जाऊन भरले, ही कथा तुम्ही ऐकली आहे. त्या कोठारांत इतकं धान्य टिकत कसं असेल, याचा विचार मात्र आपण कधी करत नाही.

जुन्या काळी ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावायचा, धान्य भरायचं आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. दाणा जिवंत असतो, तो श्वास घेतो. आतला प्राणवायू त्यानं आणि किड्यांनी मिळून संपवला की उरतो कार्बन डायऑक्साइड. किडे गुदमरून मरतात, ज्वारी मात्र वर्षानुवर्षं राहते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळं ठेवायचे, मग दिवा सोडून बघायचे. दिवा विझला तर आणखी थांबायचं. घाई केलेली माणसं आत जीव गमावून बसल्याचं पूर्वी गावोगाव ऐकायला मिळे.

परतायच्या आधी बाजारातून थोडी ज्वारी घ्या. मालदांडी मागा. पांढरा, टपोरा, चकाकणारा दाणा. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात गावरान मालदांडीतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण शेतकऱ्यांनी अजून सोडलेला नाही. त्यानंतर किती नवे वाण आले, पण याच्या भाकरीची चव आणि कडब्याची गोडी लोकांना हवी असते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पौषात मिळेल ती गेल्या सालची असेल. नवी हवी असेल तर शिमग्याच्या सुमारास पुन्हा या.