जुन्या सॉफ्टवेअरने गाडीचं निदान

स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला केबल जोडली, तरी फोक्सवॅगन गटाच्या जुन्या गाड्यांसाठीचं व्हॅग-कॉम 409.1 हे निदान सॉफ्टवेअर पुष्कळदा गाडीशी बोलतच नाही. दोष बहुधा गाडीत नसतो. हे सॉफ्टवेअर कॉम 1 ते कॉम 4 एवढेच पोर्ट ओळखतं. विंडोज मात्र यूएसबी केबलला कॉम 7 सारखा वरचा क्रमांक देऊन मोकळं होतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो बदलून 1 ते 4 मधला केला की बहुतेकदा काम भागतं. इग्निशन चालू हवं, हेही विसरलं जातं.

या सॉफ्टवेअरच्या क्रॅक केलेल्या प्रतींत व्हायरस असू शकतो; अशी प्रत टाळावी आणि जुन्या सॉफ्टवेअरसाठी इंटरनेट तोडलेला वेगळा लॅपटॉप ठेवावा. एरर कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत, नाहीतर मेकॅनिकच्या हातातला धागाच तुटतो. उभ्या गाडीत कोड वाचण्यात धोका नसतो, कोडिंग, म्हणजे कंट्रोलरमधली सेटिंग, बदलण्यात असतो. मूळ आकडे टिपल्याशिवाय आणि बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय त्याला हात लावू नये. एअरबॅगच्या कंट्रोलरला तर मुळीच नाही.