मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमले आहात? मग आधी हे करा



कुणी मृत्युपत्रात तुमचे नाव व्यवस्थापक म्हणून घातले, म्हणजे इस्टेट तुमची झाली असे नव्हे. मयताची देणी फेडायची आणि उरलेले ज्याचे त्याला पोचते करायचे, एवढेच तुमचे काम. जबाबदारी नको असेल तर सुरुवातीलाच लेखी नकार द्या. एकदा मालमत्तेत हात घातला की अंग काढून घेणे अवघड.

१. कागदपत्रे : मूळ मृत्युपत्र ताब्यात घ्या. त्यावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करून दाखल्याच्या चार-पाच प्रती काढा. मृत्यू अपघाती असेल (सर्पदंशही त्यात आला), तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत वारसांना २ लाख रुपये मिळू शकतात. वारसांकडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत अर्ज करवून घ्या.

२. यादी : सातबारा, आठ-अ, कारखान्याचे शेअर, नोंदलेला ऊस, तासगावच्या शीतगृहातला बेदाणा, सांगलीच्या अडत्याकडची हळद, जनावरे, मोटार, बँकेची पुस्तके, सगळे दोन जाणत्या माणसांसमोर लिहून काढा. उभे पीक मात्र कागदांसाठी थांबत नाही. पाणी, तोडणी, वैरण वेळेवर करा; खर्च इस्टेटीतून घाला आणि पावती ठेवा.

३. देणी : अंत्यविधीचा खर्च, सोसायटीचे पीककर्ज, पाणीपट्टी, खताची उधारी हे आधी, वाटप नंतर. देणी राहिली असताना वाटून मोकळे झालात, तर ती तुमच्या खिशातून जाऊ शकतात.

४. जमिनीची नोंद : तीन महिन्यांत तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवा. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आपल्या सातारा-सांगलीत हिंदू कुटुंबाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नाही. तंटा असेल तर मात्र वकिलाला विचारूनच पुढे जा.

५. कुणाचा हक्क किती : मृत्युपत्राने माणूस फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतो. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. वडिलांनी लिहिले म्हणून बहिणीचा तो हिस्सा बुडत नाही. तसेच खात्यावरचा नॉमिनी हा मालक नव्हे. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील दाव्यात, शेअर व म्युच्युअल फंडाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितले. नॉमिनीने पैसे घ्यायचे ते खऱ्या हक्कदारांसाठी.

आणि एक, स्वतंत्र वही घाला, बरं का. इस्टेटीचा पैसा आपल्या खात्यात मिसळू नका. जमाखर्च दर महिन्याला सर्व वारसांना, लेकी-सुनांनाही, वाचून दाखवा व सह्या घ्या. सल्ल्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. पात्र व्यक्तींना तिथे मदत मोफत मिळते.