कर्करोग-चिकित्सेतील औषध-प्रतिरोध व वैद्यांचे कर्तव्य

शिरूर व दौंड तालुक्यांतील कर्करोगाचा रुग्ण उपचारांसाठी पुण्यास अथवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातो. परंतु मधल्या काळात तो बहुधा आम्हां वैद्यांकडेच येतो. ‘आता गोळी लागू पडत नाही’ या त्याच्या तक्रारीचा अर्थ म्हणूनच आपणांस नीट उमगावयास हवा.

औषध-प्रतिरोध दोन प्रकारचा असतो. आरंभापासूनच औषध निष्प्रभ ठरणे हा मूळचा. प्रथम गुण येऊन पुढे ते निष्प्रभ होणे हा संपादित. अर्बुदातील सर्व पेशी एकसारख्या नसतात. औषधाने बहुसंख्य पेशी मरतात. ज्यांच्यात जनुकीय बदल झालेला असतो त्या टिकतात व वाढतात. काही पेशींच्या आवरणावरील पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन तर आत शिरलेले औषध बाहेर फेकते.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळालेल्या इमॅटिनिबने हा रोग अनेकांत वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. मात्र रोगकारक प्रथिनात ‘टी३१५आय’ हा बदल झाल्यास इमॅटिनिब निरुपयोगी ठरते व औषध बदलावे लागते.

तथापि प्रत्येक अपयशास प्रतिरोध म्हणता येत नाही. लंडन येथे ८७ रुग्णांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ८० टक्के वा त्याहून कमी मात्रा घेणाऱ्यांपैकी एकासही अपेक्षित रेणवीय प्रतिसाद मिळाला नव्हता. बरे वाटू लागताच गोळी सोडणारा रुग्ण असा धोका पत्करतो.

दुसरे कारण आपल्या औषधपेटीशी निगडित आहे. इमॅटिनिबचे पचन यकृतातील विशिष्ट विकरांद्वारे होते. सेंट जॉन्स वर्ट या पाश्चात्त्य वनस्पतीने त्याची रक्तातील पातळी घटते. उलट, पिप्पली व मरिच यांतील पाइपरीन त्या विकरांना व पी-ग्लायकोप्रोटीनलाही रोधते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रतिरोधावरील उपाय म्हणून हे आकर्षक वाटेल. परंतु औषधाची पातळी अनियंत्रित वाढल्यास विषारी परिणाम संभवतात. पिप्पलीस योगवाही म्हणणाऱ्या चरकाचार्यांनीच विमानस्थानात तिच्या अतियोगाविरुद्ध इशारा दिला आहे, हे येथे स्मरावे.

म्हणून आमची विनंती अशी : रुग्णास गोळ्या किती चुकल्या हे प्रथम विचारावे, आपण दिलेल्या कल्पांची नावे व मात्रा लिहून ती चिठ्ठी त्याच्या कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावी, चालू औषध स्वतःहून थांबवू नये, आणि पांढऱ्या पेशी पुन्हा वाढू लागल्यास त्यास विनाविलंब तज्ज्ञांकडे धाडावे. खरा प्रतिरोध वेळीच ओळखला गेला, तर पुढचे औषध देण्यास अवधी मिळतो.