चवीला नऊ गुण, यकृताला किती?

वॉर्डाची फेरी घेताना एक वाक्य मी गेली पंचवीस वर्षं ऐकतो आहे. "डॉक्टर, मी दारू घेत नाही. फक्त बिअर." पोटात पाणी साठलेलं असतं, डोळे पिवळे झालेले असतात, तरी वाक्य तेच. गेल्या ऑक्टोबरमध्ये ते मी बेल्जियममधल्या ल्यूव्हन शहरात ऐकलं. म्हणणारा माझा वसतिगृहातला जुना मित्र होता.

बावीस वर्षं तो तिथे नोकरी करतो. त्याला एक छंद आहे. प्यायलेल्या प्रत्येक बिअरला तो रंग, वास, चव आणि शेवटी जिभेवर काय उरतं, यावरून दहापैकी गुण देतो आणि वहीत नोंदवतो. बेल्जियममध्ये हा छंद जडणं नवल नाही. तिथल्या बिअर-संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं आहे. मी पोहोचलो त्या संध्याकाळी त्याने चार बाटल्या मांडल्या, सौम्य आधी आणि कडक शेवटी.

पहिली विटबिअर, ४.९ टक्क्यांची. गव्हाची, धुरकट, तिच्यात संत्र्याची साल आणि चक्क आपले धने! दुसरी ऑर्वाल, ६.२ टक्के. तिसरी दुबेल, ७ टक्के, गडद तपकिरी, मनुका आणि करपवलेल्या साखरेची आठवण करून देणारी. चौथी वेस्टमाल मठातली सोनेरी ट्रिपेल, ९.५ टक्के. तिच्यात केळं आणि लवंग असल्यासारखा वास येतो, पण घातलेलं दोन्ही नसतं. ती किमया यीस्टची. आंबवताना यीस्ट जी रसायनं तयार करतं, त्यातलं एक पिकलेल्या केळ्यातही असतं.

चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातला मोठा भाग वासाचा असतो. घोट गिळताना सुगंध घशामागून नाकात चढतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते म्हणूनच. आणि नाक लवकर सरावतं. पहिल्या दोन-तीन घोटांत जे कळायचं ते कळतं. पुढचा ग्लास चवीसाठी नसतो, सवयीसाठी असतो.

मी ट्रिपेलला नऊ गुण दिले. मग वही मागितली आणि एक नवा रकाना आखला : अल्कोहोलचे ग्रॅम.

हिशेब सोपा आहे. मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले शंभर, गुणिले ०.८. ट्रिपेलच्या ३३० मिलिची छोटी बाटली म्हणजे सुमारे २५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ५ टक्के बिअरच्या ६५० मिलिच्या मोठ्या बाटलीत जवळपास तेवढंच असतं. फरक इतकाच, की ट्रिपेल पिताना ते जाणवत नाही. ती बनवताना साखर घालतात, यीस्ट ती जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. अल्कोहोल वाढतं, पण बिअर जड होत नाही. जीभ फसते, यकृत फसत नाही.

त्या संध्याकाळी चार बाटल्या दोघांत वाटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ३६ ग्रॅम आले. यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम निपटतं. म्हणजे पाच तास काम. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही.

मग त्याचा मागचा आठवडा मोजला. नऊ बाटल्या, बहुतेक आठ-नऊ टक्क्यांच्या. बेरीज २०० ग्रॅमच्या आसपास. बेल्जियममधला आरोग्य सल्ला आठवड्याला दहा ग्लासांपेक्षा जास्त नको असा आहे, आणि ग्लास म्हणजे १० ग्रॅम. हा दुप्पट निघाला.

तो जरा वेळ गप्प बसला. मग कपाटातून रिपोर्ट काढून आणला. एसजीपीटी आणि गॅमा जीटी वाढलेले, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं होतं, "रोज एखादी बिअर." खोटं नव्हतं. पण पुरेसंही नव्हतं.

मी म्हटलं, "तीन महिने पूर्ण बंद कर. मग पुन्हा तपास." तो चिडला. "तू ना, सुट्टीतही ओपीडी उघडून बसतोस!" पुढचे दोन दिवस आमच्यात बिअरचा विषय निघाला नाही.

पुण्या-मुंबईतही आता बेल्जियन पद्धतीची बिअर ताजी मिळते. म्हणून वाचकांना चार गोष्टी सांगतो. बाटलीचा आकार पाहू नका, टक्के पाहा आणि ग्रॅम मोजा. चवच घ्यायची असेल तर पन्नास मिलि पुरतात. त्या चारही बिअरचे पन्नास-पन्नास मिलि मिळून ११ ग्रॅमच होतात. गाडी चालवायची असेल तर तेवढीही नको. हिपॅटायटिस, यकृतावर चरबी, गर्भारपण किंवा मधुमेहाची औषधं असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. गर्भारपणात आणि यकृताच्या आजारात उत्तर "नको" हेच आहे. आणि जे पीत नाहीत त्यांनी सुरू करण्याचं एकही वैद्यकीय कारण नाही. अल्कोहोल कर्करोगकारक आहे, ते बिअरमधलं असो वा देशीतलं. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरत असतील तर, परस्पर एकदम बंद करू नये. त्यात झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

जानेवारीत मित्राचा निरोप आला. एन्झाइम्स उतरली आहेत, चरबी अजून आहे. सोबत वहीच्या पानाचा फोटो. आता तो बिनअल्कोहोलच्या बिअरना गुण देतो. चवीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी पाच, एका ठिकाणी रागाने तीन. ग्रॅमच्या रकान्यात ओळीने शून्य.

खाली लिहिलं होतं : "डॉक्टर, या रकान्याला किती गुण?"