जुन्या मोटारसायकलची खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात. ज्यानं हे काम स्वतः केलं आहे त्याला ठाऊक असतं की हा नुसता सोपस्कार नसतो. चोळता चोळता हाताला कळतं, जू लागून कुठं गाठ आली आहे, कुठं कातडं हुळहुळं झालं आहे. हात उपचार करतो आणि तपासणीही करतो.

आता पुष्कळ घरांत बैल उरले नाहीत. दावणीच्या जागी मोटारसायकल उभी असते. तिला मात्र आपण वॉशिंग सेंटरवर नेतो, पाण्याचा जोरदार फवारा मारून घेतो आणि निगा झाली असं समजतो. आज मला सांगायचं आहे ते असं, की गाडी घरीच, हातानं, फडक्यानं पुसावी. पुसणारा हातच दुखणं शोधून काढतो.

संगमनेर तालुका हा दुधाचा तालुका. पहाटे कोणत्याही वाडीच्या फाट्यावर उभे राहा, मोटारसायकलला दोन्ही अंगांना कॅन लटकावून माणसं संकलन केंद्राकडे निघालेली दिसतील. तीच गाडी दहा वाजता मुलाला शाळेत पोचवते आणि बाजारच्या दिवशी कांद्याची गोणी आणते. गुरुजी आणि बाईसुद्धा वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शाळेत अशाच गाडीवर जातात. या गाड्यांतल्या बऱ्याच जुन्या असतात. हीरो होंडाची सीडी १०० ही १९८५ साली आली आणि स्प्लेंडर १९९४ साली. तेव्हापासून शंभर सीसीची, चार स्ट्रोकची, थोडं पेट्रोल पिणारी गाडी खेड्यात रुळली. एखाद्या गोठ्यात राजदूत किंवा बजाजची एम-८० अजूनही निघते. त्या दोन स्ट्रोकच्या, त्यांना पेट्रोलमध्येच मापानं ऑइल घालावं लागतं. बाकी आज सांगणार आहे त्यातलं बहुतेक त्यांनाही लागू पडतं.

प्रथम धुण्याविषयीच बोलू. फवाऱ्याचं पाणी चाकाच्या मध्यभागी, जिथं बेअरिंग असतं तिथं शिरतं आणि आतलं ग्रीस धुऊन नेतं. ते सीटखाली वायरींच्या जोडात आणि एअर फिल्टरच्या डब्यातही शिरतं. काही ठिकाणी इंजिन चकचकीत दिसावं म्हणून डिझेल फवारतात. डिझेलनं रबर फुगतं, मऊ पडतं. आणि ते ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर लायनर तेलकट होऊन ब्रेक घसरतो. चकाकीचा असा सौदा महाग पडतो. घरी एक बादली पाणी, थोडा शाम्पू, एक जुना दात घासायचा ब्रश आणि दोन सुती फडकी पुरतात. आधी कोरड्या ब्रशनं माती झटकावी, मग ओल्या फडक्यानं पुसावं. धुळीवरच ओलं फडकं घासलं तर टाकीच्या रंगावर ओरखडे उठतात. इंजिन गार असताना, सावलीत, सपाट जागी, डबल स्टँडवर गाडी लावून आणि चावी खिशात ठेवून हे काम करावं.

दूधवाल्यांना एक खास सूचना. कॅनमधून सांडलेलं दूध चाकाच्या आऱ्यांवर, चेनकव्हरवर, मडगार्डच्या कडेत वाळतं. वाळलेलं दूध आंबतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते लोखंडाला खातं. कॅन बांधतात त्या बाजूच्या सळ्या आधी का गंजतात त्याचं एक कारण हे. घरी आल्याबरोबर तांब्याभर साधं पाणी आणि एक फडकं, एवढ्यानं ते टळतं.

आता हात फिरवताना काय पाहायचं ते सांगतो. इंजिनच्या बुडाशी ऑइल-मातीचा लगदा साचला असेल तर तो काढून टाका आणि दोन दिवसांनी पुन्हा पाहा. पुन्हा ओल दिसली तर गळती चालू आहे, आणि कुठून चालू आहे तेही आता स्वच्छ जागेवर दिसतं. मळलेल्या इंजिनवर गळती लपून राहते. एकेक नट बोटानं हलवून पाहा. आऱ्यांवर पान्यानं हलके टिचके मारा. घट्ट आरा खणखणीत वाजतो, सैल आरा बद्द वाजतो. सैल निघाला तर स्वतः पिळत बसू नका, चाक वाकडं होतं. ते काम मिस्त्रीचं. घोडा मेला ओझ्यानं अन् शिंगरू मेलं हेलपाट्यानं, अशी म्हण आहे. दुधाच्या गाडीच्या मागच्या चाकाला ओझं आणि हेलपाटे दोन्ही सोसावे लागतात, तेव्हा मागचे आरे अधिक लक्ष देऊन पाहावेत.

चेनवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण घरी सर्वांत जास्त चूक इथंच होते. पहिली गोष्ट जिवाची. इंजिन चालू ठेवून, गियर टाकून, फिरत्या चाकावर चेन कधीही पुसू नये. फडकं चेन आणि दातेरी चक्राच्या मध्ये ओढलं जातं आणि फडक्याबरोबर बोट जातं. हे घडायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हातानं सावकाश फिरवायचं.

पुष्कळ जुन्या गाड्यांना बंद चेनकव्हर असतं आणि त्याला एक रबरी बूच असतं. बूच काढून बोटानं चेन खाली-वर करून पाहावी. साधारण वीस ते तीस मिलिमीटर, म्हणजे सुमारे इंचभर झोल असावा. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी पाहावं. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून जिथं ती सर्वांत ताठ असते तिथलं माप खरं धरावं. फार ताठ चेन बेअरिंग खाते. फार सैल चेन दातांवरून उडते आणि चाकात अडकली तर गाडी जागच्या जागी आवळते.

चेन ताणायला मागच्या आसाचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. तिथं खुणा असतात, दोन्हीकडे एकाच खुणेवर यायला हवं. नाही तर चाक तिरपं बसतं. चाक मागं सरकलं म्हणजे ब्रेकची सळीही ओढली जाते, तेव्हा चेन ताणल्यावर मागचा ब्रेक पुन्हा जुळवावाच लागतो. बरेच जण हे विसरतात आणि मग ड्रम तापतो. शेवटी आसाचा नट घट्ट आवळा, आणि ब्रेकच्या झाकणाला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट व त्यातली पिन जागेवर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ती पट्टी सुटली तर ब्रेक मारताच झाकण चाकाबरोबर फिरू पाहतं. चेनलॉकची क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला ठेवावी.

चेन पुसायला रॉकेलचा थोडा बोळा चालतो. मग कोरडी करून नव्वद नंबरचं गियर ऑइल थेंब थेंब सोडावं. इंजिनमधून काढलेलं जळकं ऑइल चेनला घालण्याची रीत सर्वत्र आहे. ते ऑइल फुकट असतं हे खरं, पण त्यात धातूचा कीस असतो. ते वंगण म्हणून घालणं म्हणजे जात्यात खडे टाकून दळणं. उरलेलं जळकं ऑइल ओढ्यात, बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. डब्यात साठवून जिथं गोळा करतात त्या गॅरेजला द्या.

शिक्षक मित्रांना इथं एक सुचवावंसं वाटतं. चेनकव्हर उघडलेलं असेल तेव्हा पोरांना बोलवा. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजायला लावा, भागाकार करू द्या, आणि मग मागचं चाक एकदा फिरलं की पुढचं चक्र किती वेळा फिरतं ते खडूची खूण करून पडताळून पाहू द्या. गुणोत्तराचा धडा फळ्यावर जितका रुचत नाही तितका तिथं रुचतो. बोटं मात्र चेनपासून लांब.

आता ब्रेक. पुण्याकडून येताना चंदनापुरी घाट उतरायचा असतो. मागं बायको, मध्ये मूल, बाजूला पिशवी, आणि गाडी पंधरा-वीस वर्षांची. अशा वेळी पेट्रोल वाचेल म्हणून गाडी न्यूट्रल करून सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. उतारावर सगळं वजन एकट्या ब्रेकवर आलं की ड्रम तापतो आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. गाडी खालच्या गियरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच तिला मागं धरतं.

घरी पाहायचं ते इतकंच. पुढची ब्रेक-मूठ दाबताना सुरुवातीला थोडी मोकळी चालावी, पण हँडलला टेकण्याच्या कितीतरी आधी ब्रेक लागला पाहिजे. मागच्या पायडलला साधारण इंचभर मोकळीक असावी. चाकाच्या झाकणावर बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत गेला तर लायनर संपले. मग सळीचा नट आवळत राहण्यात अर्थ नाही. ड्रम उघडलाच तर आतली काळी भुकटी तोंडानं फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्यानं टिपून घ्या.

एअर फिल्टर म्हणजे गाडीचं नाक. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरची धूळ आत गेली तर पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये ती पॉलिश-कागदासारखं काम करते. मग गाडी निळा धूर सोडू लागते आणि ऑइल पिते. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात पिळून न काढता दाबून धुवावा, पूर्ण वाळवावा, मग गियर ऑइलचे थेंब टाकून दाबून घ्यावा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. झटकावा, फार काळा झाला तर बदलावा. पेट्रोलनं काही धुऊ नये, आणि चुलीजवळ तर मुळीच नको.

इंजिन ऑइल पाहताना गाडी चार मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत काठी पुसून फक्त टेकवायची असते, आटे पिळायचे नसतात. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. मोटारीचं ऑइल घालू नका. आपल्या गाडीचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि मोटारीच्या काही ऑइलमधल्या गुळगुळीत करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरू लागतो.

पेट्रोलबद्दल एक नवी गोष्ट जुन्या गाडीवाल्यांनी ध्यानात घ्यावी. २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या प्रवरेच्या खोऱ्यात उसाचे कारखाने आहेत, तेव्हा इथेनॉल म्हणजे काय हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. उसाचा रस आणि मळी यांतून ते निघतं. पण इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्या नव्हत्या. नळी वाकवून पाहा. चिरा दिसल्या किंवा चिकट लागली तर नवी घाला. काही रुपयांचं काम आहे. टाकी पावसाळाभर अर्धी रिकामी ठेवून गाडी उभी करू नका, पाणी तळाशी बसतं. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचं उत्तर, न फिरवल्यामुळे, मोटारसायकललाही लागू आहे.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी भुकटी आली असेल तर उणे टोक आधी सोडून खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानं पुसा, वर व्हॅसलीनचा हात फिरवा. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी पाहा. मागच्या चाकाभोवतीची साडी-जाळी वाकली म्हणून काढून टाकू नका. कायद्यानं ती लागतेच, आणि पदर चाकात जाण्याचं भय तीच टाळते. नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, तेही आरसी काढून तारीख पाहून घ्या.

व्हॉल्व्हचं टॅपेट, क्लचच्या प्लेटा, पुढच्या फोर्कचं ऑइल, बेअरिंग, ही कामं मिस्त्रीकडे सोपवावीत. त्यांना माप आणि हत्यार लागतं. पण मिस्त्रीकडे जाताना "गाडी बघा जरा" असं न म्हणता, "डाव्या बाजूला खालून ऑइल गळतं, मागचे तीन आरे सैल आहेत" असं सांगता आलं तर त्याचाही वेळ वाचतो आणि आपलेही पैसे.

सगळं आटोपल्यावर गल्लीत एक फेरी मारा. दोन-चारदा ब्रेक दाबून पाहा. घरी येऊन दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हाताचा तळवा आधी लांबूनच धरा, मग हलकेच टेकवा. कोमट लागला तर ठीक. चटका बसत असेल तर ब्रेक चिकटतो आहे. सळीचा नट अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा एक चक्कर मारून या.